ओटीतून आयसीयूत पेशंट येतो तेव्हा: ओव्हर कसा द्यायचा, कसा घ्यायचा?

गोदाकाठ (धागाकर्ता)

मोठ्या ऑपरेशननंतर पेशंट ओटीतून (ऑपरेशन थिएटर) आयसीयूत येतो, तेव्हाच्या ओव्हरवर, म्हणजे पेशंटची माहिती आणि जबाबदारी पुढच्यांकडे सोपवण्याच्या त्या दहा-पंधरा मिनिटांवर, हा धागा आहे.

पुस्तकातली पद्धत अशी: सर्जन, भूलतज्ज्ञ, इन्टेन्सिव्हिस्ट (आयसीयूचा डॉक्टर) आणि दोन्हीकडच्या सिस्टर एकाच वेळी बेडपाशी. आपल्याकडचं चित्र सगळ्यांना माहीत आहे. बीड, जालना, परभणी, हिंगोली, धाराशिव इथल्या खासगी हॉस्पिटलांत सर्जन पुढच्या केससाठी हात धुवायला गेलेला असतो. भूलतज्ज्ञ फ्रीलान्स असतात आणि पुढच्या हॉस्पिटलचे फोन सुरू झालेले असतात. आयसीयूत रात्री एक आरएमओ (ड्युटीवरचा डॉक्टर), बहुतेक ठिकाणी बीएएमएस किंवा बीएचएमएस, आणि आठ बेडला दोन सिस्टर. सरकारी कॉलेजात माणसं जास्त, पण तिथे ओव्हर द्यायला सगळ्यात ज्युनिअर रेसिडेंटला पाठवतात, आणि अर्ध्या ऑपरेशनला तो ओटीत नसतोच.

तेव्हा एवढ्या माणसांत जमेल असं काय, ते बोलू. माझ्याकडून सुरुवात म्हणून एकच नियम: हाताचं काम आणि तोंडाचं काम एकाच वेळी चालायचं नाही.

आत्ता होतं असं. सिस्टर ईसीजीच्या लीड लावतायत, आरएमओ व्हेंटिलेटर जोडतोय, मामा (वॉर्डबॉय) ट्रॉली मागे ओढतायत, आणि त्याच वेळी भूलतज्ज्ञ सांगतायत, "दोन ब्लड गेलंय, नॉरॲड चालू आहे, पोटॅशियम थोडं कमी होतं, बाकी ओके." ऐकणाऱ्याचे हात गुंतलेले, डोळे मॉनिटरवर. (नॉरॲड म्हणजे नॉरॲड्रेनॅलिन, बीपी धरून ठेवणारं औषध.) त्यातलं पोटॅशियम हमखास गळतं. म्हणून आधी पेशंट पूर्ण जोडायचा: व्हेंटिलेटर, सॅच्युरेशन, बीपी, ईसीजी, पंप, ड्रेन. जबाबदार माणसाने "जोडला, स्थिर आहे" असं मोठ्याने म्हणायचं. मग सगळ्यांनी हात थांबवायचे आणि एकाने बोलायचं. बोलून झालं की घेणाऱ्याने मुख्य गोष्टी परत म्हणून दाखवायच्या. बीपी पडतंय, सॅच्युरेशन घसरतंय, तर अर्थातच आधी ते सावरायचं, ओव्हर नंतर.

प्रत्येकाने आपापल्या बाजूचं लिहावं.

---

मांजरा

भूल देणाऱ्याच्या बाजूने लिहितो. ओव्हर बेडपाशी सुरू होत नाही, पेशंट निघायच्या आधी अर्धा तास फोनवर सुरू होतो. त्वचा शिवायला घेतली की ओटीतून आयसीयूला फोन जायला हवा. फोनवर लांबण लावायची नाही. नाव, वजन, काय ऑपरेशन झालं, श्वासाच्या ट्यूबसकट येतोय की ती काढून, कोणते पंप (सिरींजमधून औषध हळूहळू सोडणारे) किती रेटने चालू आहेत, आर्टीरियल (धमनीतली) किंवा सेंट्रल (मोठ्या शिरेतली) लाइन आहे का, ब्लड लागणार का, आणि किती वाजेपर्यंत पोचू. वजन सांगायचं राहतं आणि मग तिकडे पंप अंदाजाने लावतात.

आता वाटेतला ऑक्सिजन. "सिलिंडर फुल आहे मामा?" "आहे सर." हा संवाद बंद करा आणि गेज स्वतः बघा. हिशोब सोपा आहे: सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये गुणिले गेजवरचा बार. बी टाइप सिलिंडर साधारण १० लिटरचा, १५० बारला भरलेला असेल तर १५०० लिटर गॅस. ट्रॉलीखालचा छोटा ए टाइप साधारण ५ लिटरचा. त्यात ५० बार उरलेत म्हणजे २५० लिटर. मिनिटाला १० लिटर लावलेत तर २५ मिनिटं, तीही कागदावर. लिफ्ट अडकली, लाइट गेली की हे २५ कमी पडतात. लागेल त्याच्या दुप्पट असल्याशिवाय ओटीच्या दारातून बाहेर पडू नये. गेजवर किलो प्रति चौरस सेंटीमीटर लिहिलेलं असेल तर ते बार समजूनच चला. पीएसआय असेल तर साडेचौदाने भागा.

आंबू बॅगला (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) रिझर्व्हायर, म्हणजे ऑक्सिजन साठवायची पिशवी, लावलेला हवा. रिझर्व्हायर नसेल तर तुम्ही १० लिटर सोडलेत तरी पेशंटला निम्म्याच्या आसपास ऑक्सिजन मिळतो. ओटीत पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब) ८ किंवा १० वर होता आणि वाटेत साध्या आंबूने दाबत नेला, तर पोचेपर्यंत फुफ्फुसं मिटतात आणि आयसीयूवाले विचारतात, "सर, सॅच्युरेशन ८८ कसं?" पीप व्हॉल्व्ह घ्या, आंबूला लावून ठेवा. तो नसेल तर व्हेंटिलेटर बदलताना ट्यूबला क्लॅम्प लावून जोडणी करा, तेही क्षणभर, आणि श्वास आत असताना.

पंपाची बॅटरी हा वेगळाच विषय. जुन्या पंपांची बॅटरी चार्जिंगचा दिवा हिरवा दाखवते आणि वायर काढली की पाच मिनिटांत मान टाकते. महिन्यातून एकदा प्रत्येक पंप वायर काढून ५ मिली प्रति तासाने चालवून बघा, किती मिनिटं टिकतो ते पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून पंपालाच लावा.

---

सिस्टर_परभणी

सर लोकांनी फोनचं लिहिलं ते लई बरं झालं. फोन न करता पेशंट आणला की काय होतं ते आम्हालाच माहीत. बेड तयार नसतो, व्हेंटिलेटरचं टेस्ट लंग लावलेलं नसतं, सक्शन चालत नसतं, आणि वरून "सिस्टर, किती वेळ?" असं ऐकून घ्यायचं.

फोन आला की आमच्याकडं हे व्हायला पाहिजे. व्हेंटिलेटर चालू करून सर्किट लीक तपासायचं, सेटिंग्ज वजनाप्रमाणे घालून ठेवायच्या. सक्शन लावून बोटानं दाब बघायचा. डोक्याशी आंबू आणि मास्क, लॅरिंगोस्कोप लाइट बघून. मॉनिटरच्या केबल बेडच्या एका बाजूला ओळीनं लटकवायच्या, गुंता करून नाही. पंप दोन रिकामे, चार्जिंगला लावलेले. थर्मामीटर, कांबळं किंवा वॉर्मर. ड्रेन लटकवायचे हूक. आणि एक रिकामी आयव्ही स्टँड, कारण ओटीची स्टँड मामा परत घेऊन जातात.

पेशंट आला की कुणी काय जोडायचं ते आधी ठरलेलं पाहिजे. एक जण फक्त श्वास बघतो: व्हेंटिलेटर जोडायचा, छाती वर येते का बघायची, दोन्हीकडं हवा ऐकायची. दुसरी सिस्टर मॉनिटर लावते, आधी सॅच्युरेशन, मग बीपी, मग ईसीजी. पंपाला तिसरा माणूस. तो नसला तर पंपाला मॉनिटर लागल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. सगळे एकदमच सगळं करायलेत, मग एक लाइन ओढली जाते.

दुसरं, सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८. ड्युटी बदलायच्या वेळेला पेशंट आणू नका हो. पावणेआठला आणला तर जी सिस्टर ओव्हर घेते तीच वीस मिनिटांनी पुढच्या सिस्टरला ओव्हर देते, आणि तिनं पेशंट नीट बघितलेलाच नसतो. ओटीत अर्धा तास थांबवता येत असेल तर थांबवा. थांबवता येत नसेल तर जाणारी आणि येणारी दोघी मिळून ओव्हर घ्यायचा, हा नियम करा.

---

दुधना

सर्जन आहे, म्हणून थोडं विरोधात. मी प्रत्येक केसनंतर बेडपाशी येणं शक्य नाही. दिवसाला चार केसेस, टेबलावर पुढचा पेशंट. आलो तरी माझं काम दीड मिनिटाचं. मात्र ते दीड मिनिट दुसरं कुणी बोलू नये, हेही मान्य, कारण आत काय केलंय ते फक्त मला माहीत आहे.

माझ्या मते सर्जनने एवढं सांगायलाच हवं: काय ठरवलं होतं आणि प्रत्यक्षात काय केलं, दोन्ही. ड्रेन किती, कुठला कुठे, प्रत्येकातून काय यायला हवं आणि काय आलं तर धोका. कुठल्या नळीला माझ्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. तोंडाने, नळीने कधी सुरू करायचं. रक्त पातळ करणारं हेपरिन किंवा एनॉक्झापॅरिन कधीपासून. मला कशासाठी उठवायचं.

ड्रेनला नंबर द्या. "उजवा ड्रेन" म्हणजे काय ते उजवीकडे दोन ड्रेन असले की कळत नाही. ओटीतच चिकटपट्टीवर पेनने १, २, ३ लिहून बाटलीला आणि नळीला दोन्हीकडे लावायचं, आणि केसपेपरवर त्या नंबरापुढे जागा.

सर्वांत महत्त्वाचं: पोटात मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) ठेवून बंद केलंय तर किती ठेवलेत तो आकडा. अपघातात लिव्हर फुटलेल्या पेशंटला पॅकिंग करून आयसीयूत पाठवतो तेव्हा २४ ते ७२ तासांत ते काढायला परत घ्यायचं असतं. "पॅक केलंय" एवढंच लिहिलं आणि पुढच्या ऑपरेशनला दुसरा सर्जन आला, तर त्याला किती शोधायचे ते कळत नाही. आकडा ऑपरेशन नोटमध्ये, आयसीयूच्या चार्टवर आणि बेडच्या बोर्डवर, तिन्हीकडे.

---

गोदाकाठ

दुधना सर, येणं शक्य नाही तिथे ग्लोव्ह्ज काढल्या काढल्या ओटीतून स्पीकरवर फोन, पेशंट निघायच्या आधी, आणि आयसीयूत जो ओव्हर घेणार त्याच माणसाला. सर्जनचा निरोप भूलतज्ज्ञाने पोचवायचा ही प्रथा मात्र बंद व्हावी.

---

मांजरा

+१. माझ्या तोंडून "सर्जिकली ओके" एवढंच निघतं, आणि त्याला काही अर्थ नसतो.

---

इंटर्न_नांदेड

एक शंका. ओटीतले पंप आणि आयसीयूतले पंप वेगळ्या कंपनीचे असतात, म्हणून सिरींज काढून दुसऱ्या पंपात घालतात. त्यात एवढं काय बिघडतं? दोन मिनिटांचं तर काम आहे.

---

मांजरा

दोन मिनिटंच तर घातक. नॉरॲड्रेनॅलिनचं अर्धआयुष्य दोन-अडीच मिनिटं. त्याच्यावर तगलेल्या पेशंटचा पंप तेवढा वेळ बंद राहिला की बीपी दिसतं तसं खाली येतं. शिवाय पंप कमी रेटवर असला की नव्या पंपाचा दांडा सिरींजच्या दट्ट्याला टेकून औषध प्रत्यक्ष पेशंटच्या शिरेत जाईपर्यंत काही मिनिटं जातात, स्क्रीनवर मात्र "इन्फ्युजिंग" दिसत असतं. म्हणून नवा पंप, नवी सिरींज आधी भरून, एक्स्टेन्शनची नळी औषधाने भरून (प्राइम), पर्जचं बटण दाबून टोकाला थेंब दिसेपर्यंत चालवायची. मग ती लाइनच्या दुसऱ्या पोर्टला जोडून सुरू करायची, बीपी थोडं चढताना दिसलं की जुना पंप कमी करत बंद. दोन पंप काही काळ एकत्र चालतात, ते चालू द्यावेत.

पंप उचलून उंचावर ठेवला तरी सिरींजमधलं थोडं औषध गपकन आत जातं, खाली ठेवला तर थांबतं. ट्रॉलीवर पंप पेशंटच्या छातीच्या पातळीला ठेवायचा, सलाईनच्या स्टँडच्या टोकाला नाही.

यापेक्षा मोठा घोळ मात्रेचा. हिशोब मांडतो, कारण तोंडी कितीही सांगितलं तरी पटत नाही. पेशंट ६० किलोचा, नॉरॲड ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. म्हणजे मिनिटाला ६, तासाला ३६० मायक्रोग्रॅम.

ओटीत ५० मिलीत ४ मिलिग्रॅम भरलंय. एका मिलीत ८० मायक्रोग्रॅम. रेट ४.५ मिली प्रति तास.
आयसीयूत ५० मिलीत ८ मिलिग्रॅम भरायची पद्धत. एका मिलीत १६०. त्याच डोससाठी रेट २.२५.

आता ओव्हरमध्ये "नॉरॲड साडेचारवर" एवढंच सांगितलं, तर आयसीयूच्या सिरींजवर साडेचार म्हणजे दुप्पट डोस. उलट झालं तर निम्मा, आणि बीपी पडतं. रेट मिलीमध्ये सांगूच नका. मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट सांगा, सिरींजवर किती मिलिग्रॅम किती मिलीत ते लिहा. सगळ्यात बरं म्हणजे हॉस्पिटलभर एकच प्रमाण ठरवा. अँप्युलच्या लेबलवर बायटार्ट्रेट आहे की बेस तेही वाचा: २ मिग्रॅ बायटार्ट्रेट म्हणजे १ मिग्रॅ बेस. ब्रँड बदलला आणि हे कुणी वाचलं नाही, तर डोस न बदलताही बदलतो.

---

बालाघाटी

न्यूरो आणि ट्रॉमाच्या केसेसबद्दल थोडक्यात. छातीतला ड्रेन आणि डोक्यातला ड्रेन, दोघांचे नियम उलटे आहेत आणि घोळ तिथेच होतो.

छातीतली नळी हलवताना क्लॅम्प करायची नाही. बाटली छातीच्या खाली ठेवायची, उचलून पेशंटच्या पोटावर ठेवायची नाही. क्लॅम्प केली आणि आत हवा गळत असली, व्हेंटिलेटर दाबतोय, तर टेन्शन न्यूमोथोरॅक्स (छातीत हवा कोंडून फुफ्फुस आणि हृदय दाबलं जाणं) वाटेतच.

डोक्यातली, म्हणजे मेंदूतलं पाणी बाहेर काढणारी ईव्हीडी, हलवताना क्लॅम्प करायची. न केली आणि बाटली खाली गेली तर सेरेब्रोस्पायनल फ्लुइड एकदम निघून जातं. पण बेडवर आल्यावर कानाच्या ट्रॅगसशी शून्य लावून ती परत उघडायची. उघडायचं राहिलं तर आत दाब वाढत राहतो, आणि तो झोपलेला पेशंट बेशुद्ध होतोय हे कुणाच्या लक्षात येत नाही, सगळे सेडेशनलाच दोष देतात. ईव्हीडी असलेल्या पेशंटच्या ओव्हरचं शेवटचं वाक्य असावं: "ईव्हीडी उघडली, वाजले अमुक." डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार निघताना आणि पोचल्यावर, दोन्ही वेळा लिहा.

आर्टीरियल लाइनचा ट्रान्सड्यूसरही (दाब मोजणारा भाग) तसाच. हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटीमीटर खाली लटकला तर बीपी साडेसात मिलिमीटरने जास्त दिसतं. बेड वर-खाली केला की परत लेव्हल.

---

सिस्टर_परभणी

अजून एक राहिलं. ओटीतून येताना हातातल्या कॅन्युलात, थ्री-वेमध्ये भुलीचं औषध अडकून राहतं. पेशंट वर आल्यावर आम्ही त्यातनंच अँटिबायोटिक दिलं की ते आत जातं. ट्यूब काढलेला पेशंट एकदम ढिला पडतो, श्वास थांबतो. निघायच्या आधी सगळ्या कॅन्युला आणि पोर्ट फ्लश करून "फ्लश केलं" असं सांगायला पाहिजे. लिहायला पाहिजे तर लई उत्तम.

एपिड्युरल (दुखणं थांबवायचं औषध पाठीच्या कण्यात देणारी नळी) असली तर नळीवर मोठ्या अक्षरात लिहा. दिसायला ती सलाईनच्या नळीसारखीच. पंपही वेगळा पाहिजे आणि सलाईनचा स्टँड आहे त्याच बाजूला नको.

---

मांजरा

सिस्टर बरोबर बोलतायत. एपिड्युरल कॅथेटरसंबंधी ओव्हरमध्ये रक्त पातळ करणाऱ्या औषधाची वेळही हवी. एनॉक्झापॅरिन ४० मिग्रॅ दिल्यानंतर १२ तासांच्या आत कॅथेटर काढायचं नाही, आणि काढल्यावर पुढचा डोस ४ तासांनंतर. आयसीयूचा चार्ट रात्री १० ला डोस दाखवतो आणि सर्जन सकाळी ८ ला येऊन "नळी काढा" म्हणतो. आरएमओने काय करायचं, ते ओव्हरमध्येच ठरलेलं असलं पाहिजे.

स्नायू ढिले करणाऱ्या औषधाचा (रिलॅक्सन्ट) शेवटचा डोस किती वाजता, रिव्हर्स केलं (म्हणजे त्याचा असर उतरवला) की नाही, हे दोन्ही सांगा. रिव्हर्स न करता, सेडेशनही बंद, अशा अवस्थेत दिला तर पेशंट जागा असून हलू शकत नाही. नाडी १३०, बीपी १८०, आणि आरएमओ बीपी उतरवायचं औषध शोधतोय.

---

गोदाकाठ

आता बोलून दाखवतो, म्हणजे लांबी कळेल. परिस्थिती कल्पित: ५८ वर्षांचा पेशंट, अल्सर फुटलेला, दोन दिवसांनी आलेला. बेडवर जोडून झालाय, सगळे थांबलेत. (रायल्स म्हणजे नाकातून पोटात घातलेली नळी, ॲट्राक्युरियम हा रिलॅक्सन्ट, पिप-टॅझ हे अँटिबायोटिक.)

सर्जन: "ड्युओडेनमला एक सेंटीमीटरचं छिद्र, ओमेंटमचा पॅच लावला. पोटात दोन लिटर पू होता, धुतलंय. ड्रेन १ लिव्हरखाली, ड्रेन २ पेल्व्हिसमध्ये. रायल्स ट्यूब मला विचारल्याशिवाय काढायची नाही, निघाली तर परत घालायच्या आधी फोन. ड्रेन १ मध्ये पित्त दिसलं, पोट परत कडक झालं, किंवा ताजं रक्त आलं तर रात्री कितीही वाजता उठवा."

भूलतज्ज्ञ: "वजन ६०. डायबेटिस आहे, ॲलर्जी नाही. ट्यूब ८ नंबर, ओठाशी २२, इंट्युबेशन सोपं. शेवटचा ॲट्राक्युरियम ५:४० ला, रिव्हर्स केलेलं नाही. साडेतीन लिटर फ्लुइड, रक्तस्राव ३००, लघवी दोन तासांत फक्त ८० मिली. नॉरॲड ०.१, ५० मिलीत ४ मिग्रॅ. लॅक्टेट ४.२, शुगर २४०, पोटॅशियम ३.१, अजून दिलेलं नाही. पिप-टॅझ ४.५ ग्रॅम ४ वाजता. एक ब्लड क्रॉसमॅच करून ब्लड बँकेत आहे. माझा अंदाज, पहिल्या सहा तासांत नॉरॲड वाढेल, ०.३ च्या वर गेलं तर मला आणि फिजिशियनला कळवा."

घेणारा: "पॅच केलेलं परफोरेशन. रायल्सला हात नाही. पित्त, कडक पोट, रक्त यासाठी सर्जनना फोन. नॉरॲड ०.१, आम्ही चारचीच सिरींज ठेवतो. पोटॅशियम ३.१ द्यायचं, लघवी कमी म्हणून सावकाश, चार तासांनी परत तपासू. पुढचा पिप-टॅझ रात्री १०. रिलॅक्सन्ट उतरेपर्यंत सेडेशन चालू ठेवतो. बरोबर?"

हे सगळं अडीच-तीन मिनिटांचं काम. शेवटचं "बरोबर?" आणि त्याला मिळालेलं "हो" हेच बहुतेक ठिकाणी गायब असतं. पोटॅशियम नुसतं सांगितलं नाही, ते कोण देणार आणि कधी तपासणार तेही ठरलं, हेही बघा.

---

इंटर्न_नांदेड

ओव्हरच्या या साच्याला नाव काय? एसबार की आय-पास? कॉलेजात दोन्ही शिकवतात.

---

गोदाकाठ

कुठलंही एक धरा. आय-पासवर २०१४ मध्ये मोठा अभ्यास छापून आला, ९ हॉस्पिटलांतल्या बालरोग विभागांचा. वैद्यकीय चुका २३ टक्के आणि टाळता येण्यासारखे अपाय ३० टक्के कमी झाले. पण तो रेसिडेंटांच्या ड्युटीबदलाचा होता, ओटी-आयसीयूचा नाही. आपल्या विषयाच्या जवळचा म्हणजे लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलचा, २००७ चा. मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेनंतरचा ओव्हर त्यांनी फॉर्म्युला वनच्या पिट स्टॉपवाल्यांना दाखवून नव्याने बसवला. कोण कुठे उभं राहणार, कोण काय जोडणार, आधी जोडणी मग बोलणं. एका ओव्हरमागे तांत्रिक चुका सरासरी ५.४२ वरून ३.१५ वर आल्या, सांगायच्या राहून जाणाऱ्या गोष्टी २.०९ वरून १.०७ वर. वेळ वाढला नाही, उलट थोडा कमीच झाला. "एवढं सगळं करायला वेळ कुठे आहे" म्हणणाऱ्यांना हे शेवटचं दाखवा.

---

दुधना

फॉर्म नको फक्त. आमच्याकडे फॉर्म आला की सगळ्या चौकटींत टिक मारलेला कागद पेशंटच्या आधी फाइलमध्ये जातो. एनएबीएचच्या (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) तपासणीला दाखवायला छान.

---

मांजरा

टिकच्या चौकटी ठेवल्या की टिकच मिळणार. रिकाम्या जागा ठेवा ज्यात आकडा किंवा वेळ लिहावी लागेल: "शेवटचा रिलॅक्सन्ट ___ वाजता", "लघवी ___ मिली", "पोटात मॉप ___". शून्य असेल तर शून्य लिहायचं. एका बाजूचं एक पान, त्याहून मोठं नाही. आणि कागद भूलतज्ज्ञाने ऑपरेशन चालू असतानाच भरत आणायचा, बेडपाशी येऊन नाही.

---

अंबेजोगाईकर

याचाच चुलतभाऊ म्हणजे रेफर केलेला ऑपरेटेड पेशंट. तालुक्याला सिझर झालं, रक्तस्राव थांबेना, गर्भाशयात आतून दाब देणारा बलून टाकून घाटीला (संभाजीनगरचं सरकारी कॉलेज) किंवा लातूर-नांदेडच्या कॉलेजला पाठवला. इथे ओव्हर देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये शंभर-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता असतो आणि मधला माणूस १०८ चा डॉक्टर.

चिठ्ठीवर "पीपीएच, बलून टॅम्पोनेड डन, रेफर्ड फॉर फर्दर मॅनेजमेंट" एवढंच येतं (पीपीएच म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव). हवं ते असं: बलूनमध्ये किती मिली भरलं आणि किती वाजता. योनीत रोलर गॉज किती घातले, कारण वर जाऊन बाहेर काढणाऱ्याला मोजायचे असतात. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम किती वाजता, कारण ते बाळंतपणानंतर ३ तासांच्या आतच उपयोगी, आणि ३० मिनिटांनंतरही रक्तस्राव चालू असेल तर दुसरा डोस. गर्भाशय आवळणारी औषधं, ऑक्सिटोसिन, मिसोप्रोस्टॉल, कार्बोप्रोस्ट, यातलं कोणतं किती, कार्बोप्रोस्ट असेल तर दमा विचारला होता का. किती ब्लड गेलं, गट कोणता. क्रॉसमॅचसाठी नमुना सोबत पाठवला तर वर जाऊन पंधरा-वीस मिनिटं वाचतात, पण नळीवर पूर्ण नाव, वेळ आणि सही नसेल तर ब्लड बँक तो घेत नाही, आणि ते योग्यच आहे.

ऑक्सिजनचा हिशोब वर दिलाय तो इथे नीट लावा. बीड ते संभाजीनगर तीन तास धरले, १० लिटर प्रति मिनिट, तर १८०० लिटर. बी टाइपचा भरलेला सिलिंडर १५०० चाच. डी टाइप ७००० चा.

चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचा चालू मोबाईल नंबर हवा, हॉस्पिटलचा लँडलाइन नाही. आणि पोचल्यावर वरच्या डॉक्टरने एक मिनिटाचा फोन करायचा, हे दोन्हीकडून. व्हॉट्सॲपवर मॉनिटरचा, ड्रेनचा फोटो पाठवला तर चालेल, पण पेशंटचा चेहरा आणि नाव त्यात नको, आणि ग्रुपवर तर नकोच.

---

सिस्टर_परभणी

नातेवाईकांचं कुणी लिहिलं नाही. ओव्हर चालू असतानाच दारातून विचारतात, "सर, काय म्हणताय, बरा आहे ना?" आणि आतून कुणीतरी "हो हो, ऑपरेशन झालं" म्हणतं. पुढं बिघडलं की तेच धरून बसतात. ओव्हर पूर्ण होईपर्यंत दार बंद, आणि मामा किंवा मावशीनं बाहेर सांगायचं की पंधरा मिनिटांनी डॉक्टर स्वतः येतील. यायला पाहिजे मात्र. एकाच माणसानं बोलायचं, आणि तोही ओव्हर घेतल्यावर.

---

गोदाकाठ

सिस्टर, हे वरच्या पद्धतीत घालतो. बोलणारा कोण ते ओव्हरमध्येच ठरवायचं.

मोजायचं कसं, यावर शेवटचं. मोठा ऑडिट नको. महिनाभर येणाऱ्या प्रत्येक ओटी पेशंटमागे आयसीयूच्या सिस्टरनी वहीत पाच गोष्टी लिहायच्या: निघायच्या आधी फोन आला का, पोचल्यावर पहिलं तापमान (३६ च्या खाली आलं तर लाल पेनने), पोचल्यापासून पूर्ण मॉनिटर लागेपर्यंत मिनिटं, घेणाऱ्याने परत म्हणून दाखवलं का, आणि पहिल्या सहा तासांत "हे सांगितलंच नव्हतं" म्हणून करावे लागलेले फोन. या शेवटच्या आकड्याकडे बघा, तो खरा. कोणी चूक केली ते वहीत लिहायचं नाही, नाहीतर दुसऱ्या आठवड्यापासून वही कोरी राहते.

---

दुधना

वहीला मी राजी. ओव्हरचं ते एक पान कुठे ठेवायचं पण? आयसीयूत ठेवलं तर ओटीतून भरून येणार नाही.

---

सिस्टर_परभणी

ओटीच्या ट्रॉलीला लावा, जिथं ऑक्सिजनचं गेज आहे त्याच बाजूला, क्लिपबोर्डसकट. ट्रॉली आली की कागद येतो. परत जाताना मामांनी कोरा कागद लावून न्यायचा, गठ्ठा आम्ही आयसीयूत ठेवतो.